मिरीचा भाव श्रीलंकेच्या करारामुळे पडतो का?

मिरवेल: सावंतवाडीजवळ आमची नारळ-पोफळीची बाग आहे. 2016 साली सुकी मिरी सातशेच्या आसपास किलोने गेली, तेव्हा आबांनी हुरूपाने आणखी दोनशे रोपं पोफळींच्या बुंध्याशी लावली. वेल जेमतेम वर चढले, तोवर 2018 उजाडलं आणि व्यापारी साडेतीनशेच्या वर जायला तयार होईना. विचारलं तर म्हणे, "श्रीलंकेचा माल येतोय." शिडीवर चढून घोस काढणारे दोघे आणि खळ्यात मिरी तुडवणाऱ्या दोन बायका, चौघांनाही त्या हंगामात निम्मेच दिवस बोलावलं. आता भाव सुधारलाय, पुन्हा लावायचं मनात आहे. पण एवढ्याशा श्रीलंकेत एवढी मिरी पिकते तरी का?

बंदरावरचा: कस्टम्सची कागदपत्रं करणं हेच माझं काम, म्हणून सांगतो. मिरीवर आपलं सर्वसाधारण आयात शुल्क 70 टक्के. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार 2000 पासून लागू आहे, त्यात वर्षाला 2500 टन मिरी शून्य शुल्काने येते. त्यापुढची साफ्टाखाली, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार कराराखाली, 8 टक्क्यांनी. व्हिएतनाम आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) करारात येतो, तिथलं शुल्क टप्प्याटप्प्याने 50 टक्क्यांवर आलं. जगात सगळ्यात जास्त मिरी पिकते व्हिएतनाममध्ये. तीच कोलंबोमार्गे 'श्रीलंकेची' म्हणून आली तर? केरळ-कर्नाटकातल्या बागायतदारांची ओरड हीच होती. दाण्यावर गावाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं!

डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने किलोला 500 रुपये किमान आयात किंमत ठरवली, म्हणजे त्याहून स्वस्त मिरी आणायची नाही. सप्टेंबर 2020 पासून माल खरंच तिथलाच आहे याची माहिती आयातदारालाच जवळ ठेवावी लागते, माल कुठल्या देशाचा याचा नुसता दाखला पुढे करून भागत नाही. आमच्या फायली तेव्हापासून फुगल्या, तो भाग वेगळा.

कांडपवाली: सगळं खापर करारावर फोडू नका हो. त्या वर्षांत व्हिएतनाममध्येच मिरी उदंड झाली होती, जगभर भाव घसरले होते. करार नसता तरी सातशे टिकले नसते. आणि माझं सांगायचं तर मी चिपळूणला घरगुती मसाले करून विकते. मिरी स्वस्त होती तेव्हा गरम मसाला जास्त करता आला आणि निवडण-टिपणाला दोन बायका वाढवल्या. तुमच्या खळ्यातल्या दोघींचं काम गेलं, माझ्याकडे दोघींना मिळालं. त्या दोघी मात्र त्याच नव्हेत, हे मलाही कळतं.

मिरवेल: कांडपवाली ताई, शेवटचं वाक्य लागलं. आमच्याकडच्या दोघी आता काजू कारखान्यात बी फोडायला जातात. गंमत म्हणजे तिथली बरीचशी बी आफ्रिकेतून आलेली असते! म्हणजे परदेशी मालाने एक काम कमी केलं आणि परदेशी मालावरच दुसरं मिळालं. फक्त तिथे हाताला डीक लागून कातडी सोलते, ते मिरीत नव्हतं.

आबांना हे सगळं वाचून दाखवलं. शुल्काचे आकडे ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, दोनशे नको, पन्नास लावू. आणि यंदाची दोन पोती विकायची नाहीत, माळ्यावर टाकायची. कडकडीत वाळवलेली मिरी काय लगेच नासते थोडीच.




बंदरावरचा: माळ्यावर टाका, पण उंदरांपेक्षा ओलीला सांभाळा. पावसाळ्यात एकदा तरी पोती उघडून बघा.