डेबियन पॅकेजची वर्गवारी: मराठी मार्गदर्शिकेत कोणत्या अटी लिहायच्या?

ऐरोली_टर्मिनल:
ठाणे-ऐरोलीच्या आमच्या गटात नव्याने येणाऱ्यांसाठी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजिंगची (सॉफ्टवेअर बसवता येईल असं बांधण्याची) मराठी मार्गदर्शिका लिहितोय. गाडी वर्गवारीपाशी अडलीय. कंट्रोल फाइलच्या (पॅकेजची माहिती देणारी फाइल) सेक्शन ओळीत कुणी 'टेक्स्ट' लिहितं, कुणी 'कॉन्ट्रिब/टेक्स्ट'. उदाहरणाला मराठी मजकुराचं पीडीएफ करणारं पायथन टूल घेतलंय, परवाना जीपीएल ३, म्हणजे मुक्त. सोबत एक देवनागरी फॉन्ट आहे, त्याच्या व्यावसायिक वापराला मनाई. हे कुठे बसवायचं?

खाडीपलीकडचा:
त्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. तिरप्या रेघेआधीचा भाग म्हणजे विभाग; मेन, म्हणजे डेबियनचा मुख्य विभाग, असेल तर तो लिहायचाच नाही. नंतरचा भाग विषय. विषय चुकला तर दुरुस्त होतो, विभाग चुकला तर पॅकेज नाकारलं जाऊ शकतं. म्हणून पानातली जास्त जागा विभागाला द्या.

मेनसाठी परवाना मुक्त हवाच, शिवाय बांधताना (सोर्समधून पॅकेज तयार करताना) किंवा चालताना मेनबाहेरचं काही लागता कामा नये. स्वतः मुक्त, पण बाहेरच्यावर अवलंबून, ते कॉन्ट्रिब. परवानाच मुक्ततेच्या अटीत बसत नाही ते नॉन-फ्री. मुक्त नसलेल्या फर्मवेअरचा (हार्डवेअरमध्ये चालणारा कोड) वेगळा विभाग डेबियन १२ पासून (२०२३) आहे.

तुमचा फॉन्ट नॉन-फ्री. तो टूलच्याच सोर्समध्ये ठेवलात तर टूलही मेनमध्ये जाणार नाही, तेव्हा सोर्स वेगळे करा. मग टूलने तो डिपेंड्समध्ये (चालायला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) मागितला तर टूल कॉन्ट्रिबमध्ये. रेकमेंड्समध्ये (शिफारस केलेली पॅकेजं) टाकून सुटका होते असं बऱ्याच जणांना वाटतं, होत नाही. सजेस्ट्स (नुसती सुचवलेली पॅकेजं) चालतं. त्याहून बरा मार्ग: डिपेंड्समध्ये आधी 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हा मुक्त देवनागरी फॉन्ट, मग उभी रेघ (म्हणजे 'किंवा'), मग तुमचा फॉन्ट. मुक्त पर्याय पहिला असल्यामुळे टूल मेनमध्ये राहतं. अर्थात लोहितवर टूल खरंच नीट चाललं पाहिजे.

घणसोली_बिल्ड:
दोन अटी यात भरा. बांधणीच्या वेळी इंटरनेटला हात लावायचा नाही. पिपने (पायथन लायब्ररी नेटवरून आणणारं साधन) काही ओढत असाल तर ती लायब्ररी बिल्ड-डिपेंड्समध्ये (बांधायला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) पॅकेज म्हणून यायला हवी. दुसरं, 'लायसन्सचेक' हे परवाने तपासणारं साधन मुख्यतः मजकुरातल्या परवान्याच्या ओळी शोधतं, फॉन्टच्या पोटातला परवाना त्यावर सोडू नका. तो बघायला फॉन्टची माहिती दाखवणारं 'ओटीएफइन्फो' हे साधन '-i' पर्यायासह चालवा. रीडमीत एक आणि फॉन्टमध्ये दुसराच परवाना निघाला तर मूळ लेखकाला विचारून लेखी खुलासा घ्या, आणि कॉपीराइट फाइलमध्ये फॉन्टचा परिच्छेद स्वतंत्र ठेवा.

ऐरोली_टर्मिनल:
सोर्स वेगळे करतो. कंट्रोल फाइलच्या प्रायॉरिटी ओळीत काय लिहायचं?

खाडीपलीकडचा:
ऑप्शनल. 'एक्स्ट्रा' आता वापरत नाहीत, जुन्या लेखांतून उचलू नका. आर्किटेक्चर दोन्ही पॅकेजांना 'ऑल', कारण संकलित कोड नाही. डिस्क्रिप्शनची पहिली ओळ ८० अक्षरांच्या आत, पुढच्या प्रत्येक ओळीआधी एक जागा, आणि रिकाम्या ओळीत जागा व टिंब. ते टिंब टाकायचं राहून गेलं की कंट्रोल फाइल तिथेच तुटते.