गावाबाहेरची पहिली रमजान ईद: फितरा, शीरखुर्मा आणि शेजारी

खाडीकाठ:
आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान असून तीन वर्षांपासून पुण्यात राहतो. आजवर प्रत्येक रमजान ईद गावीच झाली, परंतु या वर्षी ईदच्या दुसऱ्याच दिवशी मुलीचा पेपर असल्यामुळे इथेच राहावे लागणार आहे. गावी फितऱ्याचे, म्हणजे ईदनिमित्त गरजूंना द्यायच्या दानाचे, तांदूळ सासरे स्वतः मोजून जमातीकडे पोहोचवत आणि शीरखुर्म्याच्या पातेल्याला सासूबाई कोणाला हात लावू देत नसत, त्यामुळे मला दोन्हींतले काहीच धड येत नाही. इथल्या मशिदीत नमाज हनफी पद्धतीने होते आणि फितरा रोख घेतात. आम्ही शाफई, म्हणजे विधींचे नियम थोडे वेगळे असलेल्या दुसऱ्या पंथाचे, तर काय करावे? शिवाय इमारतीतल्या चाळीसएक जणांना बोलवावे असे मनात आहे, पण त्यांत काही घरे शाकाहारी आहेत. मागे एकदा माझा शीरखुर्मा फाटला होता, तेव्हापासून धास्तीच बसली आहे.

जुना दापोलीकर:
ताई, नमाजची काळजी करू नका. ईदच्या नमाजमध्ये आपण पहिल्या रकातीत (नमाजच्या आवर्तनात) सात आणि दुसऱ्या रकातीत पाच जादा तकबिरा, म्हणजे ‘अल्लाहू अकबर’, म्हणतो, हनफी इमाम प्रत्येक रकातीत तीनच म्हणतात. इमामाच्या मागे उभे राहिले की त्याच्याप्रमाणे चालावे.

फितऱ्याचे मात्र नीट समजून घ्या. मशिदीच्या फलकावर लिहिलेली रक्कम बहुधा अर्ध्या साअ (धान्याचे जुने माप) गव्हाच्या भावावरून काढलेली असते, तर आपल्याकडे माणशी एक साअ धान्य, म्हणजे अडीच ते तीन किलो तांदूळ, तान्ह्या मुलाच्या नावानेसुद्धा द्यावा लागतो. तो रमजानमध्ये केव्हाही देता येतो, पण ईदच्या नमाजच्या आधी गरजूच्या हाती पडावा. फितरा राहत्या ठिकाणीच द्यावा असे आपल्याकडे सांगतात, म्हणून तांदूळ तिथल्याच गरजू घरी पोहोचवा आणि गावी काही पाठवायचे असल्यास ते सदका, म्हणजे ऐच्छिक दान, म्हणून वेगळे पाठवा. बाकी आपल्या मौलानांना एकदा विचारून घ्यावे.

पातेलेवाली:
चाळीस वाट्यांना पाच लिटर दूध आणि पाव किलो बारीक शेवया पुरतात. नवशिक्या बायका शेवया जास्त घालतात आणि दुपारपर्यंत त्याचा गोळा होतो. खारीक रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, बिया काढून लांब काप करा आणि चारोळी, बदाम, पिस्ता यांच्याबरोबर तुपात चांगले परता. न परतलेली खारीक किंवा आंबट मनुका उकळत्या दुधात पडली की दूध फाटते, तुमचेही बहुधा तेच झाले असावे. मी तर मनुका घालतच नाही. दूध मंद आचेवर आटवून साखर घालावी आणि परतलेल्या शेवया अगदी शेवटी सोडाव्यात. लिटरभर गरम दूध बाजूला ठेवा, कारण शीरखुर्मा बसल्या बसल्या घट्ट होतो.

चंद्र एकोणतिसाव्या रोज्याला दिसेल की तिसावा रोजा होईल, हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. तेव्हा दूधवाल्याशी दोन्ही दिवसांचे आधीच बोलून ठेवा, नाहीतर चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, दुधाच्या पिशव्या शोधत फिरावे लागते.

समोरच्या घरातला:
मी हिंदू आहे, शेजारी म्हणून लिहितो. शाकाहारी माणसाला शीरखुर्मा चालतो, पण सामिष स्वयंपाकाची भांडी वापरली असतील या शंकेने तो अडखळतो आणि संकोचाने विचारतही नाही. पातेले, डाव आणि वाट्या वेगळ्या आहेत, हे आमंत्रण देतानाच सांगून टाका. ‘केव्हाही या’ म्हटले की कोणी येत नाही, वेळ सांगा.

२०२५ साली ३० मार्चला पाडवा होता आणि त्याच संध्याकाळी ईदचा चंद्र दिसला. सकाळी आम्ही समोरच्या भाभींकडे श्रीखंडाची वाटी दिली होती. दुसऱ्या दिवशी तीच वाटी शीरखुर्मा भरून परत आली. आमची आई बाहेरचे सहसा खात नाही, तिने मात्र ती चमच्याने खरवडून संपवली आणि खारकेचे काप इतके एकसारखे कसे चिरतात, असे विचारायला स्वतः समोर गेली.

खाडीकाठ:
सर्वांची आभारी आहे. आम्ही चौघे असल्यामुळे बारा किलो तांदूळ आजच आणले असून ते आमच्या कामवाल्या मावशींच्या वस्तीतल्या दोन घरी सत्ताविसाव्या रोज्याला पोहोचवणार आहोत. आमंत्रण अकरा ते एकचे ठेवले आहे. त्यानंतर मुलगी पुस्तक घेऊन बसेल, असे तिने कबूल केले आहे, अर्थात ईदी (ईदचे बक्षीस) आधी हातात पडली पाहिजे या अटीवर.