नवं (म्हणजे जुनंच) घर स्वतः रंगवावं, की पेंटर लावावा?

घरधनी
फेब्रुवारीत आर्णीकडच्या एका खेड्यात जुनं घर घेतलं. समोरच्या दोन खोल्या विटांच्या, मागच्या दोन मातीच्या, वर कवेलू (कौलं), अंगणात कडुनिंब. रजिस्ट्री झाली आणि पैसे संपले. दिवाळीच्या आधी राहायला जायचं म्हणून पेंटर शोधायला निघालो, तर इकडे सोयाबीनची सोंगणी आणि तिकडे कपाशीची वेचणी. ज्याच्या हाताला ब्रश, तोच सकाळी उठून पऱ्हाटीत. एक जण मोकळा सापडला, पण त्याचा दर ऐकून मी ओट्यावरच बसलो.

मग दसऱ्यानंतर लगेच मी आणि बायकोनं समोरच्या दोन खोल्या स्वतःच केल्या. खरवडणं, पुट्टीचे दोन हात, घासपेपर, प्रायमर, रंगाचे दोन हात. नोकरी सांभाळून सोळा दिवस लागले. खरवडताना पोपटी रंगाखाली गुलाबी, गुलाबीखाली निळा, निळ्याखाली चुना निघाला. समोरच्या भिंतीवर तर कुणाच्या तरी लग्नाची अर्धी अक्षरं निघाली, 'चि. सौ. कां.' एवढंच वाचता आलं. बोटानं ठोकत गेलो तेव्हा कुठलं प्लास्टर पोकळ वाजतं ते कळलं. पैसे देऊन हे कळलं नसतं.

आता माझं मत पक्कं झालंय: हातपाय धड आहेत त्यानं आपलं घर आपणच रंगवावं. शेजारी हसून राहिले, "साहेब शिडीवर चढले" म्हणून. हसू द्या. मागच्या मातीच्या खोल्यांनाही आता पुट्टी-इमल्शन करायचं आहे. तुमचं काय म्हणणं?

ब्रशवाला
भाऊ, घर घेतलं त्याचं अभिनंदन. बाकी मत काही पटलं नाही.

मी बावीस वर्षांपासून हेच काम करून राहिलो. दसरा ते दिवाळी हे वीस दिवस आणि पुढे लग्नाचा सीझन, यावर माझं वर्ष निघते. उरलेले दिवस मीही वेचणीलाच जातो, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण तुम्ही नोकरीवाले. तुम्हीच शिडीवर चढले तर आम्ही कुठं चढावं? मी काही बँकेत जाऊन माझं पासबुक मीच भरत नाही.

दुसरं, तुम्ही दसऱ्यानंतर लगेच पुट्टी मारली म्हणता. इकडे परतीचा पाऊस तेव्हा नुकताच थांबलेला असते. भिंत वरून कोरडी दिसते, आतून प्यायलेली असते. लिहून ठेवा, खालच्या दोन फुटात फुगे येतील. पेंटरच्या दरात "आज नको, महिनाभर थांबा" हे सांगणंही असते.

आणि ते 'चि. सौ. कां.' पेंटरनंच लिहिलं होतं ना? ते कोणी स्वतः लिहीत नाही.

घरधनी
पासबुक आता मशीनमध्ये स्वतःच छापावं लागते, भाऊ :)
भिंत कोरडी होती. हात लावून पाहिला होता.

ब्रशवाला
हातानं कळत नाही. प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीला चिकटवा, रात्रभर राहू द्या. सकाळी आतल्या बाजूनं थेंब दिसले तर भिंत ओली.

वर्धेची सून
हा धागा वाचून मला हसू येतंय आणि रागही.

'स्वतः घर रंगवणं' ही काही नवी गोष्ट नाही हो. माझी आई पोळ्याच्या आधी एकदा, महालक्ष्म्या बसायच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा, असं वर्षातून तीनदा घर पोतारायची. माहेर गोंदियाकडचं, तिथं छुई मिळते, पांढरी माती. ती रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यानं भिंतीवर ओढायची, बुडाला गेरूची पट्टी. खाली शेणाचं सारवण. शेतातून आल्यावर. तिला कोणी मजुरी दिली नाही आणि "वा, स्वतः रंगवलं" असंही कोणी म्हटलं नाही. घर पोतारलेलं असणं म्हणजे जसं काही सूर्य उगवणं.

मग डब्यातला रंग आला. डबा आला तसा दर आला, ठेका आला आणि काम माणसांचं झालं. आता तेच काम नोकरदार माणसानं केलं की मत मांडण्याइतकं मोठं होतं. तुमच्या पोस्टमध्ये "मी आणि बायकोनं" आहे. सोळा दिवसांतले किती हात तिचे, ते तिला विचारून लिहा.

आणि मातीच्या खोल्यांना पुट्टी अजिबात करू नका. सेवाग्रामला जाऊन बापूकुटीच्या भिंती बघून या. १९३० च्या दशकातलं मातीचं बांधकाम, मीराबेननं त्या मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठावानं काढलाय. तिथं डब्याची गरज पडली नाही.

घरधनी
ताई, विचारलं. म्हणाली, "घासपेपर सगळा माझा, रोलर सगळा तुमचा." फोटोत अर्थात रोलर आहे.

एक लाख वीस हजार
तुमची चर्चा छान चालली आहे, पण माझ्यासारख्यांना यात मत-बित काही नसते.

माझं घरकुल केंद्राच्या योजनेतलं. १ लाख २० हजार मिळाले तेही हप्त्या-हप्त्यानं, एक टप्पा झाला की फोटो, मग पुढचा. स्लॅब पडेपर्यंत उधारी झाली. रंग कुठून आणणार? कळीचा चुना आणला, ड्रममध्ये विझवला, नीळ टाकली, खळ टाकली, मी आणि भावानं दोन दिवसांत घर पांढरं केलं. पेंटरच्या पोटावर पाय आणायचा म्हणून नाही, आमचंच पोट होतं म्हणून.

एक सांगतो, चुना विझवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. उकळी फुटते. भावाच्या पापणीवर एक थेंब उडाला, तीन दिवस डोळा उघडला नाही. चष्मा लावा, साधा पंधरा-वीस रुपयांचा असला तरी.

काळीमाती
मी बांधकामावर देखरेखीचं काम करतो, म्हणून थोडं लांबडं लिहितो.

ब्रशवाल्या भाऊंचं ओलीचं म्हणणं बरोबर, पण मूळ रोग सांगितला नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावती या पट्ट्यात पाया काळ्या मातीत असतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी आकसते की शेतातल्या भेगेत हात जातो. वरचं घर तिच्यासोबत वर-खाली होते. त्यामुळे दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी भेग तुम्ही पुट्टीनं बुजवा की पेंटरकडून बुजवून घ्या, मे महिन्यात ती परत हसणारच. इथं हात कोणाचा हा प्रश्नच नाही.

करायचं एवढंच: भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा, एक उन्हाळा पाहा. टोक रेघेच्या पुढं गेलं नाही तर जाळीची पट्टी लावून भरा. गेलं तर आधी पायाकडं आणि पागोळ्यांच्या पाण्याकडं पाहा. निम्म्या घरांत कवेलूचं पाणी भिंतीच्या बुडातच पडत असते आणि आपण रंगाच्या कंपनीला शिव्या देत असतो.

मातीच्या भिंतीबद्दल ताईंशी शंभर टक्के सहमत. माती ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट किंवा प्लास्टिकचा रंग चढवला की घेतलेली ओल बाहेर निघत नाही. सिमेंट मातीला धरतही नाही, दोन-तीन वर्षांत पत्र्यासारखा पापुद्रा सुटून पडतो. आणि मधल्या पोकळीत उधई (वाळवी) निवांत वर चढते, कवेलूच्या बल्ल्यांपर्यंत पोहोचली तरी तुम्हाला दिसत नाही.

आणि हो, छप्पर आधी. कवेलू फेरल्याशिवाय आत एक रुपयाचा रंग लावू नका. वानरं काही तुमचा रंग सुकायची वाट पाहत नाहीत.

नको ते पोतारणं
ताई, काळीमाती भाऊ, तुम्ही दोघं बोलता ते ऐकायला गोड आहे. बापूकुटी सांभाळायला आश्रम आहे. माझ्या सासूचे दोन्ही गुडघे गेले, त्यात या सारवण-पोतारण्याचा वाटा किती हे तिलाच माहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी नवऱ्याला एकच अट घातली होती, मातीची खोली पाडून विटांची करायची. भिंत श्वास घेते म्हणता, आणि ती घेता यावी म्हणून वर्षातून तीनदा बाईनं श्वास सोडायचा?

पुट्टी मारा, पेंटर लावा, सुखानं राहा. पापुद्रा निघाला तर निघाला, तोवर चार वर्षं तरी कंबर सुटली.

वर्धेची सून
माझं म्हणणं बाईनं करावं असं नव्हतंच. पोतारणं म्हाताऱ्या बाईनंच करावं असं कुठं लिहिलंय? घरधनी सोळा दिवस रोलर फिरवू शकतात, तर छुईचं फडकं दोन दिवस फिरवू शकतात. बसून नाही, उभ्यानं, लांब काठीला फडकं बांधून.

नको ते पोतारणं
फिरवतील. पहिल्या वर्षी. फोटोसाठी.

घासपेपर
मधेच एक कामाचं, कारण कोणी बोललं नाही. घरधनी, जुन्या दारं-खिडक्यांचा तेलरंग कोरडा घासला का? घरात लहान मूल असेल तर काळजी घ्या. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको, असा देशात नियम आहे. त्याआधीच्या तेलरंगात किती असेल सांगता येत नाही. तो धुरळा लेकरांच्या पोटात जाऊ नये. पाणी मारून ओला घासायचा, खालचा चुरा ओल्या फडक्यानं पुसून उचलायचा, झाडूनं उडवायचा नाही. पेंटर लावला तरी हे त्याला सांगा, आमच्याकडे आलेला दिवसभर कोरडंच घासत होता.

ब्रशवाला
कोरडं घासते कारण ओलं घासायला दुप्पट वेळ लागते आणि मालक दर तोच देते. मीही घासतो. खोकला माझाच आहे.

घरधनी
मूल चार वर्षांचं आहे. दारं घासून झाली, कोरडीच. धुरळा झाडूनंच काढला. आज सगळं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, उशीर झालाच.

हिरवी भिंत
रंग कोणता लावला ते तर सांगाच. आमच्या इकडे एकानं पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चॉकलेटी मारला, मोबाइलमध्ये पाहून. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि रात्री अकरा वाजता त्या भिंतीला आतून हात लावला तर पोळी भाजावी अशी. कूलर एकीकडे, भिंत एकीकडे.

घरधनी
बाहेरून पिवळसर पांढरा. आतला मात्र गडद निळा, एका भिंतीला, हौस म्हणून. आई म्हणाली, शाळा वाटते.

ब्रशवाला
भाऊ, ते प्लास्टिक लावलं का?

घरधनी
लावलं. दोन ठिकाणी. ओट्याकडच्या भिंतीला काही नाही, कोरडी. निळ्या भिंतीला, कोठीकडच्या बाजूनं, सकाळी आत थेंब होते. बुडाशी नखानं दाबलं तर पुट्टी मऊ लागली. पलीकडे जाऊन पाहिलं, पागोळ्यांचं पाणी नेमकं तिथंच पडून खड्डा झालाय. काळीमाती भाऊ, तुम्ही घर पाहून गेला होता का?

सध्या ठरवलंय ते असं. निळी भिंत खालून दोन फूट खरवडून उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवायची. कवेलू फेरणारा माणूस सांगितलाय, तो मी नाही, तिथं चढायची माझी हिंमत नाही. बुडाशी मुरूम टाकून उतार काढायचा. मागच्या मातीच्या खोल्यांना पुट्टी रद्द. यंदा चुना, चष्मा लावून. छुई आर्णीच्या बाजारात मिळाली नाही, ताई, माहेरी गेलात तर पोतंभर सांगून ठेवाल का? फडकं मी फिरवणार, पुढल्या वर्षीही फिरवतो की नाही ते इथंच येऊन लिहीन. बायको म्हणते, ती लिहील.

स्वतः रंगवण्याचं मत मात्र अजून सोडलेलं नाही. चुकलो ते थांबलो नाही म्हणून.

ब्रशवाला
न थांबणं हीच तर चूक असते. असो. समोरची ती अर्धी अक्षरं पुसली का?

घरधनी
नाही. तेवढा चौकोन तसाच ठेवलाय, भोवती रंग मारला. त्याच्यावर घराचं नाव लिहून घ्यायचं आहे. मी प्रयत्न केला होता पाटीवर, पहिलंच अक्षर उतरत गेलं. तुम्ही कोणत्या भागात काम करता?

ब्रशवाला
दिग्रस, आर्णी, दारव्हा. मार्चमध्ये सांगा, एप्रिलपासून लग्नाची नावं सुरू होतात. अक्षराचा दर वेगळा लागेल, आणि भिंत मी आधी प्लास्टिक लावून पाहीन.