समुद्री ससा अंडी घालतो तेव्हा हुकूम कोणाचा: एका संप्रेरकाचा की चेतासंस्थेचा?

मृदुकाय
ॲप्लिसिया कॅलिफोर्निका, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा समुद्री ससा, गोगलगायीच्या नात्यातला एक मऊ अंगाचा सागरी प्राणी. त्याच्या अंडी घालण्याच्या वर्तनाची सूत्रं ईएलएच (एग-लेइंग हॉर्मोन) या एकाच संप्रेरकाच्या हाती आहेत, असं माझं ठाम मत आहे. उदरगुच्छिकेच्या, म्हणजे पोटाकडच्या चेतापेशींच्या गाठीच्या, पुढच्या टोकाला हा संप्रेरक सोडणाऱ्या 'बॅग सेल' चेतापेशींचे दोन पुंजके असतात, प्रत्येकात साधारण ४०० पेशी. इरविंग कुफरमन यांनी १९६७ साली या पुंजक्यांचा अर्क टोचून प्राण्याला अंडी घालायला लावलं. पुढे १९७७ मध्ये पिन्स्कर आणि डुडेक यांनी मोकळ्या फिरणाऱ्या प्राण्यात इलेक्ट्रोड बसवून दाखवलं की अंडी घालण्याआधी या पेशी एकदम पेटतात, म्हणजे विद्युत-स्पंद सोडू लागतात. त्यानंतर चालणं थांबतं, खाणं थांबतं, डोकं डोलू लागतं. अंड्यांची दोरी बाहेर आली की प्राणी ती ओठाच्या घडीत धरून ओढतो आणि खडकाला चिकटवतो. ३६ अमिनो आम्लांचा एक रेणू एवढं सगळं घडवतो. आणखी काय पुरावा हवा?

खाडीकाठ
पुरावा आहे, पण तुम्ही म्हणता त्याचा नाही. १९६७ चा अर्क म्हणजे शुद्ध ईएलएच नव्हे. ईएलएच ज्या २७१ अमिनो आम्लांच्या पूर्वप्रथिनातून कापून निघतो, त्यातूनच अल्फा, बीटा आणि गॅमा बॅग सेल पेप्टाइडंही (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) निघतात. अल्फा पेप्टाइड उदरगुच्छिकेच्या डाव्या वरच्या भागातल्या चेतापेशींना दाबतं आणि लवकर तुटतं, त्यामुळे त्याचा परिणाम जवळपासच राहतो. ईएलएच मात्र रक्तातून लांब जातो, शिवाय त्याच गुच्छिकेतल्या आर-१५ या चेतापेशीच्या स्पंदांचे झपाटे वाढवतो. हे रेणू पेशीतल्या वेगवेगळ्या पुटिकांत (सूक्ष्म पिशव्यांत) भरले जातात, म्हणजे त्यांची वाटणी पेशीच्या आतच ठरलेली आहे. अशा संचाला एकाच रेणूचं नाव देणं मला पटत नाही.

दुसरं, बॅग सेल एरवी गप्प असतात. त्यांना जागं करणारा संदेश डोक्याकडच्या गुच्छिकांतून जोडनसांवाटे (गुच्छिकांना जोडणाऱ्या नसांवाटे) येतो. हुकूम तिथून सुटतो.

मृदुकाय
संदेश कुठूनही येवो, तो क्षणभराचा असतो. एकदा पेटल्यावर या पेशी स्वतःच्या बळावर सुमारे ३० मिनिटं धडधडत राहतात: पहिला मिनिटभर वेगाने, मग सेकंदाला एखादा स्पंद. त्या एकमेकींशी विद्युत-जोडणीने बांधलेल्या असल्याने सगळ्या एकत्र पेटतात. पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन वाढतं, प्रोटीन कायनेज सी हे विकर कॅल्शियमच्या नव्या वाहिन्या कामाला लावतं. नंतर कित्येक तास त्या पुन्हा पेटत नाहीत. आणि ईएलएच अंडवृषणावर (अंडी आणि शुक्रपेशी दोन्ही बनवणाऱ्या अवयवावर) थेट काम करतो. शरीरातून काढून बशीत ठेवलेल्या त्याच्या तुकड्यावर ईएलएच घातला तरी अंडी सुटतात. तिथे नस कुठे आहे?

रोहिणी_प
दोन्ही बाजूंनी जे दाखले येत आहेत ते प्रयोगाच्या तपशिलावर उभे आहेत, म्हणून थोडं हातच्या कामाबद्दल. प्राण्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत सममात्र (शरीरद्रवाइतक्याच तीव्रतेचं) मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण टोचून तो शिथिल करतात. गुच्छिका काढून कृत्रिम समुद्रपाण्यात १४-१५ अंशांवर ठेवायची: सोडियम क्लोराइड ४६०, पोटॅशियम क्लोराइड १०, कॅल्शियम क्लोराइड ११, मॅग्नेशियम क्लोराइड ५५ मिलिमोलर, पीएच ७.८ च्या आसपास. जोडनसेला शोष-इलेक्ट्रोडने (नस ओढून धरणाऱ्या नळीच्या इलेक्ट्रोडने) सेकंदाला ५ विद्युत-धक्के या गतीने दहाएक सेकंद चेतवायचं.

पेशी पेटल्या नाहीत तर आधी हे पाहा: शिथिल करताना टोचलेलं जादा मॅग्नेशियम नीट धुतलं गेलं का? चेतासंधीवरचा, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावरचा, संदेश तेच अडवतं. जोडनसा फार आखूड कापल्या तर इलेक्ट्रोडला धरायला जागा उरत नाही. बॅग सेलचे तंतू आवरणाच्या आत पसरलेले असतात, म्हणून आवरण सोलून गुच्छिका 'स्वच्छ' करण्याचा मोह टाळा. आणि प्राण्याने आदल्या दिवशी अंडी घातलेली असली तर पेशी अजून विश्रांतीत असू शकतात, त्या गुच्छिकेचा 'नकार' हिशोबात धरू नका.

अर्क टोचताना तुलनेसाठी दुसऱ्या गुच्छिकेचा तेवढाच अर्क हवा. त्यात जननमार्गातल्या एट्रियल ग्रंथीचा अंश मिसळता कामा नये. तिची पेप्टाइडं ईएलएचच्याच कुळातली आहेत आणि टोचल्यावर तीही अंडी घालायला लावतात. मात्र ती ग्रंथी आपला स्राव रक्तात नव्हे, जननमार्गात सोडते. तेव्हा टोचून परिणाम मिळाला म्हणून निसर्गात तोच मार्ग चालतो असं ठरत नाही.

खाडीकाठ
नेमकं हेच! 'टोचल्यावर होतं' आणि 'असंच होतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बशीतल्या तुकड्यातून अंडी सुटणं हे फक्त अंडोत्सर्जन आहे. दोरी ओठात धरून, डोकं हलवत तिची गुंडाळी रचणं हे वर्तन आहे. लिम्निया या तळ्यातल्या गोगलगायीत साधारण १०० कॉडोडॉर्सल पेशी हेच काम करतात आणि त्यांचा संप्रेरकही ३६ अमिनो आम्लांचाच आहे. तिथे अंडी वाहिनीतून सरकताना आतड्याच्या नसेतून परत संदेश येतो आणि शंखाच्या हालचाली त्याला धरून चालतात. संप्रेरक सुरुवात करतो, पुढचं पाऊल शरीराकडून आलेली खबर ठरवते. ॲप्लिसियातही दोरी बाहेर आल्याशिवाय ती धरायची कशी?

मृदुकाय
दोरी धरणं नंतरचं आहे, मान्य. पण चालणं आणि खाणं दोरी दिसायच्या आधी थांबतं, तिथे शरीराकडून आलेल्या खबरेचा आधार चालत नाही. तेवढा टप्पा बॅग सेलच्या स्रावाचाच आहे.

रोहिणी_प
मग नोंदही टप्प्याटप्प्याने घ्या: टोचल्यापासून चालणं कधी थांबलं, डोकं कधी डोलू लागलं, दोरीचं टोक कधी दिसलं, ओठाची पकड कधी बसली. फक्त 'अंडी घातली / नाही' असा रकाना ठेवला तर तुमचे दोघांचे दावे एकाच खुणेखाली झाकले जातात. प्रत्येक प्राणी वेगळ्या पाण्यात ठेवा. ताज्या दोरीतून ॲट्रॅक्टिनसारखी आकर्षक पेप्टाइडं पाण्यात उतरतात आणि शेजारच्या प्राण्यांना तिकडे खेचतात. सामायिक टाकीत एकाने अंडी घातली की बाकीच्यांच्या नोंदी स्वतंत्र राहत नाहीत.