मदत हवी आहे: दारू बंद केली, आता संध्याकाळी सात ते नऊ या वेळेचं काय करू?

नमस्कार. वय ४६, राहणार इचलकरंजी. वडिलांनी घातलेले आठ यंत्रमाग होते. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, विणून द्यायचं आपण, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. मजुरी परवडेना, वीजबिल आणि पतसंस्थेचा हप्ता काही थांबेना. गेल्या दिवाळीनंतर आठही माग भंगारात दिले, किलोवर. टेम्पोत चढवताना वडिलांच्या हातचा एक धोटा, आडवा धागा नेणारा, तेवढा काढून घेतला. घासून घासून गुळगुळीत झालेला. तो अजून खिडकीत आहे.

आता एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, दिवसपाळीला जातो. पूर्वी पिणं म्हणजे लग्नकार्यात, सणाला. माग गेल्यापासून रोजचं झालं. आधी नाइन्टी, मग क्वार्टर. शिवीगाळ नाही, कामावर खाडा नाही, त्यामुळे घरचेही बरेच दिवस काही बोलले नाहीत.

आमचं घर शेडला लागून. जन्मापासून मागाच्या खडखडाटात झोपलेला माणूस मी. आता सातला घरी येऊन पाय धुतले की शेडमधली ती शांतता अंगावर येते. हप्ता आठवतो, पोरीची फी आठवते, वडील आज असते तर काय म्हणाले असते ते आठवतं. दोन पेग पोटात गेले की सगळं लांब जायचं. पण रात्री तीनला जाग यायची तेव्हा सगळं परत उशाशी.

मागच्या महिन्यात मुलगी वहीसाठी पैसे मागायला आली आणि दारातूनच मागे फिरली. आईला म्हणाली, "सकाळी मागते, आत्ता बाबांचं सुरू आहे." नववीत आहे ती. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का. रोज पिणाऱ्यानं मनानंच एकदम बंद केलं तर फिटसुद्धा येऊ शकते म्हणाले. गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्व दिलं, दोन-तीन दिवसांनी येऊन दाखवायला सांगितलं. आज बंद करून १९ वा दिवस.

अंगाचा त्रास संपला, पण ते दोन तास सरत नाहीत. फिरायला निघालो तर चौकापर्यंत तीन परमिट रूम. टीव्ही डोळ्यांपुढून नुसता जातो. कर्ज तर आहे तिथंच आहे. ज्यांच्या अडचणी तशाच राहिल्या तरी पिणं सुटलं, त्यांनी सांगा, त्या वेळेला तुम्ही नेमकं काय करता? "मन रमवा" एवढंच कृपा करून सांगू नका.

प्रतिसाद १

दादा, सातला घरी येता तेव्हा पोटात काय असतं? मला सात वर्षं झाली सोडून. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेत, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये मला पहिल्यांदा चार गोष्टी तपासायला शिकवल्या: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तुमच्या सातच्या वेळेला या चारही एकदम येत असणार. मी अजूनही कामावरून आल्या आल्या भाकरी-आमटी खातो, चहा नाही. भरल्या पोटी माझी तलफ निम्म्यावर येते. उरलेली लाटेसारखी चढते आणि उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ कुणाशी तरी बोलायचं.

१९३५ साली अमेरिकेत बिल नावाचा गृहस्थ धंद्याचा मोठा व्यवहार फसल्यावर हॉटेलात एकटा उभा होता. बाजूलाच बार. त्यानं त्या गावात आपल्यासारखाच पिणारा कुणी भेटतो का म्हणून फोन लावायला सुरुवात केली. एक सर्जन भेटले, दोघे तासन् तास बोलले. ही संघटना तिथून उभी राहिली. तोटा त्याचा त्या रात्रीही भरून निघाला नव्हता. संघटनेच्या बऱ्याच सभा संध्याकाळीच असतात. फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही.

प्रतिसाद २

भाऊ, वहिनींना कर्जाचा पूर्ण आकडा माहीत आहे का? आमच्या ह्यांनी तो दोन वर्षं लपवला, आणि लपवायला म्हणूनच पीत राहिले. आकडा कळला त्या दिवशी मी खूप रडले, पण मग दोघं मिळून पतसंस्थेत गेलो आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून घेतली. तेव्हापासून हिशेबाची वही फक्त रविवारी सकाळी उघडतो. संध्याकाळी पैशाचा विषय कुणी काढायचा नाही, मीसुद्धा नाही. तुमचं सगळं सातलाच डोक्यात येतं, कारण त्याला दुसरी वेळच ठरवून दिलेली नाही.

रात्री तीनला जाग यायची त्याबद्दल: दारूनं झोप लवकर लागते, पण अंमल उतरला की मोडते. आता बंद आहे, तर घडी बसायला काही आठवडे द्या. तोवर रात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल साडेसहाला वाटेतच झुणका-भाकर खाल्ली. आठ वाजेपर्यंत बरं गेलं. नंतर शेडचं कुलूप काढलं, किती महिन्यांनी. कोपऱ्यात रुई साठली होती ती झाडत बसलो. मुलगी झाडू घेऊन आली, काही बोलली नाही.

ताई, आकडा हिला अर्धाच माहीत आहे. रविवारी वही पुढ्यात ठेवतो. इचलकरंजीत किंवा कोल्हापुरात सभा कुठं आणि कोणत्या वारी भरते, कुणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा.