18,40,000 ची बिलं, 1,65,600 कपात: रिफंड किती धरायचा?

भुसावळ_सेंटरिंग
राम राम मंडळी. सरकारी इमारतीवर मुख्य मक्तेदाराच्या हाताखाली सेंटरिंग-स्लॅबचं पेटी काम, लेबर रेटने. जीएसटी नंबर नाही. 2025-26 मध्ये बिलं 18,40,000 ची. दोन लाखांच्या बिलात कपात अशी: टीडीएस 2,000, जीएसटी टीडीएस 4,000, लेबर सेस (बांधकाम कामगार कल्याणाचा उपकर) 2,000, डिपॉझिट 10,000. हातात 1,82,000. वर्षाचे 1,65,600 कापले गेले. यातले कितला येतीन? 26एएसला (आयकर पोर्टलवर आपल्या पॅनवर जमा टीडीएस दाखवणारा उतारा) तर टीडीएसचे 14,900 च दिसतात.

जळगाव_करहिशेब
भाऊ, रिटर्नमधून परत येतो तो फक्त पहिला रकाना, टीडीएसचा. आयकराच्या 194सी कलमाखाली मक्त्याच्या बिलावर कापलेला 1 टक्का, म्हणजे 18,400. बाकीचं आयकर खात्याकडे गेलेलंच नाही.

आता कर किती ते बघा. 44एडी (छोट्या धंद्याला अंदाजे नफा दाखवू देणारं कलम) खाली बँकेतून आलेल्या रकमेवर 6 आणि रोखीवर 8 टक्के नफा किमान दाखवावा लागतो. सगळं 8 ने धरलं तरी 1,47,200. कर शून्य, म्हणून 18,400 पूर्ण परत.

पण किमान म्हणजे तेवढाच दाखवायचा असं नाही. खरा नफा पाच-सहा लाख सुटत असेल तर तोच दाखवा. नव्या करपद्धतीत 12 लाखांच्या उत्पन्नापर्यंत 87ए कलमाच्या सवलतीने कर शून्यच राहतो, रिफंड एक रुपयाने कमी होत नाही. वर उद्या काँक्रीट मिक्सर किंवा घरासाठी कर्ज मागायला गेलात तर दीड लाखाच्या रिटर्नवर बँक उभं करत नाही.

धुळे_बिलिंग
भांडायचं असेल तर जीएसटी टीडीएसच्या 36,800 साठी भांडा. सरकारी कार्यालय ते 2 टक्के मक्तेदाराच्या बिलातून कापतं आणि ते त्याच्याच जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरला (कर भरायच्या खात्याला) जमा होतात. त्यातून तो आपला जीएसटी भरतो. वर तुमच्याकडून पुन्हा कापले, तर त्याला दुहेरी फायदा. लेबर सेस तुमच्या माथी मारायचा की नाही हे वर्क ऑर्डरवर बघा. डिपॉझिट दोषदायित्वाची (कामातले दोष दुरुस्त करून द्यायची) मुदत संपली की त्याच्याकडूनच घ्यायचं.

भुसावळ_सेंटरिंग
डिपॉझिटचे 92,000 हातात नाहीत. मग उलाढाल तेवढी कमी दाखवू का? आणि 3,500 कमी का दिसतात?

जळगाव_करहिशेब
नाही, 18,40,000 च दाखवा. मक्तेदाराने टीडीएस पूर्ण बिलावर कापलाय, 26एएसला बिलाची पूर्ण रक्कम येते. कमी दाखवली की तफावत निघते आणि रिफंड अडकतो. मधे घेतलेली उचलही वजा करायची नाही.

3,500 बहुधा जानेवारी ते मार्चचे. त्या तिमाहीचं 26क्यू (मक्तेदाराने भरायचं टीडीएसचं विवरण) भरायची मुदत 31 मे, फॉर्म 16ए (टीडीएसचा दाखला) त्यानंतर 15 दिवसांत. म्हणून जूनच्या मध्यापर्यंत रिटर्न भरायची घाई नको. तरी दिसले नाहीत तर मक्तेदाराच्या अकाउंटंटला तुमचा पॅन तपासायला सांगा. पॅनचं एक अक्षर चुकलं तरी पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात, आणि त्यासाठी दुरुस्ती 26क्यू त्यालाच भरावं लागतं. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर कपातच 20 टक्क्यांनी होते, रिफंडही थांबतो.

यावल_केळीवाला
एक राहिलं. खान्देशात निम्म्या पेटी ठेकेदारांकडे केळी नाहीतर कपाशी असतेच. शेतीचं उत्पन्न 5,000 च्या वर असेल तर आयटीआर-4 (44एडी वाल्यांचा सोपा रिटर्न फॉर्म) चालत नाही, आयटीआर-3 भरा. धंद्याचं उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की शेतीचा आकडा दराच्या हिशेबात मिळवतात. केळी मोठी असेल तर 87ए च्या सवलतीचे 60,000 पुरतीलच असं नाही, तेव्हा वरचं ‘12 लाखांपर्यंत शून्य’ डोळे झाकून धरू नका.

जळगाव_करहिशेब
बरोबर, ते सुटलं होतं. भाऊ, पोर्टलवर बँक खातं प्रमाणित करून ठेवा आणि रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा. रिटर्न भरायची मुदत हुकली तर 31 डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरून रिफंड मागता येतो. त्यानंतरच्या आयटीआर-यू (अद्ययावत रिटर्न) मध्ये रिफंड मिळत नाही.