इंटेल मॅकबुक सोडून ॲपलच्या एम४ चिपवाला घ्यायचाय: जावा ८, मायएसक्यूएल ५.७ आणि डॉकरचं काय होणार?

कोडकरी_कोथरूड (जुलै २०२५)

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो आहे. इंटेल आय७, १६ जीबी रॅम. इंटेलिजे (कोड लिहायचं ॲप) उघडलं, डॉकरमध्ये दोन-चार कंटेनर (एकेक प्रोग्रॅम त्याच्या डब्यात बंद) चढवले आणि त्यात व्हिडिओ कॉल आला की पंखा असा सुटतो की पलीकडचा क्लायंट विचारतो, घरी काही काम काढलंय का? आई स्वयंपाकघरातून ओरडते, "ती पिठाची गिरणी बंद कर आधी." नवीन मशीनला नाही म्हणणारी कंपनी वगैरे कोणी नाही. मी फ्रीलान्सर आहे, त्यामुळे आजवर नाही म्हणणारा मीच.

गेल्या महिन्यात ॲपलने सांगून टाकलं की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती. माझं मॉडेल तिच्या यादीत आहे, म्हणजे उद्या काही अडत नाही. पण आता पैसे बाजूला काढलेच आहेत तर सोक्षमोक्ष लावू म्हणतो.

अडचण कामाची आहे. एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळतो: जावा ८, मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस, आणि पुढचं पान अँग्युलरचं, जे नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) १४ च्या वर चढायला तयार नाही. अपग्रेडचा विषय काढला की संचालक म्हणतात, "चालतंय ना? मग?" दुसरं काम नवं आहे: जावा १७, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस डेटाबेस. दोन्हींचे सर्व्हर साधे एक्स८६ (इंटेलच्याच जातीच्या चिपचे) लिनक्स.

१३ इंची एअर एम४, २४ जीबी आणि ५१२ जीबीवाला, १,३९,९०० ला आहे. १४ इंची प्रो १६ जीबीत १,६९,९०० पासून सुरू. कुठला घेऊ? मायग्रेशन असिस्टंट वापरून सगळं जसंच्या तसं उचलू की कोऱ्या पाटीपासून सुरुवात करू? आणि पतसंस्थेचं काम त्यावर चालेल का? हा शेवटचा प्रश्न खरा, बाकी सगळी प्रस्तावना.

ता. क. हल्ली ट्रॅकपॅडही नीट दाबला जात नाही, म्हणजे तसंही खर्चात घालणारच आहे हा.

---

जुनाखोड

घेऊन टाक रे. पाच-सहा वर्षं वापरलास, वसूल झाला. एअर घे, उरलेल्या तीस हजारांत चांगला मॉनिटर येईल. आम्ही ५१२ एमबी रॅमवर एक्लिप्स चालवून पोरंबाळं मोठी केली, तुम्हाला २४ जीबीतही धाकधूक.

---

वाशिष्ठी

जुनाखोड काका, तुमचं एक्लिप्स उघडेपर्यंत चहा होऊन कप विसळूनही व्हायचा, हे तुम्हीच इथे लिहिलं होतं.

कोडकरी, मी चिपळूणला बसून पुण्या-मुंबईची कामं करते. इंटेलवरून एम२ एअरवर आले, आणि तुमच्यासारखंच एक म्हातारं जावा ८ चं प्रकरण माझ्याही गळ्यात आहे. त्यामुळे आधी तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर: चालेल. पण कुठे काय खुपेल ते सांगते.

जावाचा स्वतःचा त्रास जवळजवळ नाही. बाइटकोड (कंपाइल झालेला जावा) तोच, फक्त तो चालवणारा जेडीके एआरएमचा, म्हणजे एम मालिकेच्या चिपच्या जातीचा, हवा. १७ मध्ये मॅकच्या एआरएमला अधिकृत आधार आहे. ८ साठी अझुल कंपनीचा झुलू जेडीके घ्या, त्यांच्याकडे ॲपल सिलिकॉनसाठीही, म्हणजे या एम चिपसाठीही, ८ आहे. खुपतात त्या लायब्ररीच्या पोटात दडलेल्या नेटिव्ह, म्हणजे एकाच जातीच्या चिपसाठी कंपाइल केलेल्या, फायली. स्प्रिंग वेबफ्लक्स वापरत असाल तर पहिल्याच दिवशी त्यातलं नेटवर्कचं काम करणारं नेटी लॉगमध्ये बोंब मारेल की मॅकचा डीएनएस रिझॉल्व्हर (वेबपत्ते शोधणारा भाग) सापडला नाही. घाबरू नका. पॉममध्ये (प्रोजेक्टच्या लायब्ररींची यादी) त्या रिझॉल्व्हरच्या लायब्ररीचं ओएसएक्स एआरएमवालं क्लासिफायर टाकलं की गप्प होतं.

मायएसक्यूएल ५.७ ला मात्र अडाल. त्याच्या अधिकृत डॉकर इमेजची (कंटेनरचा साचा) एआरएम आवृत्ती नाही. ओढायला गेलात की "नो मॅचिंग मॅनिफेस्ट" म्हणून दार आपटतं. कंपोझ फाइलमध्ये (कुठले कंटेनर चढवायचे त्याची यादी) त्या सर्व्हिसखाली प्लॅटफॉर्म म्हणून लिनक्स एएमडी६४ (म्हणजेच एक्स८६) लिहायचं आणि डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये एएमडी६४ साठी रोझेटा (इंटेलचे प्रोग्रॅम एम चिपवर चालवणारा ॲपलचा दुभाषा) वापरण्याची खूण करायची. मग चालतं. इंजिन उठायला वेळ घेतं, डेटाबेसचा मोठा डंप (काढलेली नक्कल) भरताना कंटाळा येतो, पण रोजच्या डेव्हलपमेंटला पुरतं. पोस्टग्रेसची एआरएम इमेज आहे, तिथे काही करावं लागत नाही. आणि संचालकांच्या कानावर घाला की ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला. तुमचा लॅपटॉप हा त्यांच्याशी बोलायला चांगला निमित्त आहे, वापरून घ्या.

रोझेटाही काही अमरपट्टा घेऊन आलेलं नाही. मॅकओएस २७ पर्यंत ते पूर्ण मिळेल, पुढे फक्त काही जुन्या गेमपुरतं ठेवणार असं ॲपलनेच सांगितलंय. म्हणजे ५.७ चं काहीतरी करायला तुमच्या हातात मर्यादित वेळ आहे, संचालक काहीही म्हणोत.

नोड १४ ची मॅकसाठी एआरएम बायनरी अधिकृतपणे निघालीच नाही, ती १६ पासून आली. त्यासाठी रोझेटाखाली वेगळा शेल उघडायचा आणि त्यात एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) १४ टाकायचं. नोड मॉड्यूल्सचा फोल्डर जुन्या मशीनवरून आणायचा नाही, उडवून परत इन्स्टॉल करायचं, नाहीतर इंटेलसाठी कंपाइल झालेले तुकडे आत राहतात आणि एरर भलतीकडेच बोट दाखवते.

आता मायग्रेशन असिस्टंट. माझं मत ठाम आहे: नको. फोटो आणि कागदपत्रं खुशाल आणा. कामाचं सगळं हाताने, नव्याने.

आमच्या टीममधल्या एकाने सगळं उचलून आणलं. एका संध्याकाळीत काम झालं, डेस्कटॉपवरचा वॉलपेपरसुद्धा तोच. आठवडाभर खूश. मग कुरकुर सुरू, की एवढे पैसे घातले आणि बिल्डला फारसा फरक नाही. त्याच्या मशीनवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून 'काइंड' हा कॉलम बघितला. इंटेलिजे: इंटेल. जावा: इंटेल. नोड: इंटेल. होमब्रू (टूल्स बसवून देणारा प्रोग्रॅम) जुन्या घरात, म्हणजे यूएसआर लोकलमध्ये, आणि त्याने बसवलेलं प्रत्येक टूल इंटेलचं. नव्या चिपवर हे सगळं रोझेटा मुकाट्याने भाषांतर करून चालवत होतं. एकही एरर नाही, हीच तर गोम. काहीतरी फुटलं असतं तर त्याला त्याच दिवशी कळलं असतं. इंटेलिजेची इंटेल आणि ॲपल सिलिकॉन अशी दोन वेगळी डाउनलोड असतात, ते आपोआप बदलत नाही. इंटेलवालं सगळं काढून नवं टाकलं, ब्रू त्याच्या नव्या जागी, ऑप्टमधल्या होमब्रूमध्ये, बसवलं, तेव्हा कुठे त्याला नवं मशीन मिळालं.

ब्रूची यादी मात्र आयती मिळते. जुन्यावर ब्रू बंडल डंप चालवलं की ब्रूफाइल तयार होते, ती नव्यावर चालवायची. त्याआधी एकदा डोळ्याखालून घाला. माझ्या यादीत रेडिसच्या दोन आवृत्त्या आणि कधीकाळी एका क्लायंटसाठी घातलेलं एर्लांग निघालं. तो क्लायंटही आता नाही.

जुनं मशीन पुसण्याआधी गिटच्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) बाहेर काय राहिलंय ते शोधा. प्रत्येक रेपोत (कोडच्या फोल्डरात) स्टॅशची, म्हणजे बाजूला ठेवलेल्या बदलांची, यादी बघा, स्टॅश पुश होत नसतो. न ढकललेल्या ब्रँचेस बघा. एन्व्ह फायली (पासवर्ड वगैरे असलेल्या) गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, असतात, त्या फक्त तुमच्याच डिस्कवर आहेत. डेटाबेसचा डॉकर व्हॉल्यूम कॉपी करायच्या भानगडीत पडू नका, पोस्टग्रेसच्या फायली एका आर्किटेक्चरवरून दुसऱ्यावर नेण्याचा भरवसा नाही. सरळ डंप काढा आणि तिकडे भरा. एसएसएचची किल्ली तिकडे न्यायची नाही, नव्या मशीनवर नवी काढायची आणि नवी चालली की गिटहबवरची जुनी उडवायची.

आणि एक, ज्याने पहिल्या डिप्लॉयला सगळे आपटतात: नव्या मशीनवर बांधलेली डॉकर इमेज एआरएमची होते. तुमचे सर्व्हर एक्स८६. ढकललीत तर तिकडे "एक्झेक फॉरमॅट एरर". बांधतानाच प्लॅटफॉर्म सांगा, किंवा बांधायचं काम सीआयवर (आपोआप बिल्ड करणारी सर्व्हरवरची सोय) टाका. मी सीआयवर टाकलं.

एअर की प्रो, ते रात्री लिहिते. लाइट गेलीये, राउटर इन्व्हर्टरवर आहे.

---

तक्षक_लिनक्स

एवढी सगळी कसरत वाचून मला प्रश्न पडला, मॅकच का? सर्व्हर एक्स८६ लिनक्स, मग लॅपटॉपही एक्स८६ लिनक्स घ्या. थिंकपॅडच्या टी मालिकेत रॅमचे स्लॉट असलेलं मॉडेल बघून घ्या, उद्या ६४ जीबी करायची झाली तर स्क्रूड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं. मॅकवर डॉकर लिनक्सचं अख्खं व्हर्च्युअल मशीन उठवून त्यात चालतो, इथे थेट कर्नलवर. मायएसक्यूएल ५.७, नोड १४, सगळं जसंच्या तसं. ना रोझेटा, ना प्लॅटफॉर्मची ओळ. तुमच्या आईंची तक्रार मात्र राहील, तेवढी मान्य करतो.

---

वाशिष्ठी

तक्षक, मुद्दा बरोबर आहे. कोडकरींना आयओएसचं काही बनवायचं नसेल आणि मॅकची सवय सोडायची तयारी असेल तर कामाच्या हिशोबाने तुमचा पर्याय सरळ आहे. ५.७ चा तर प्रश्नच मिटतो. स्लॉटचं आधी तपासा हेही खरं, हल्लीच्या पातळ मॉडेलांत बऱ्याचदा रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते.

मी मॅकवर राहिले ते विजेसाठी. आमच्याकडे पावसात दुपारी लाइट गेली तर कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. इंटेलवाला होता तेव्हा इन्व्हर्टरवर आधी लॅपटॉप, मग राउटर, मग पंखा असं रेशनिंग चालायचं, आणि सासूबाई पंख्यासाठी माझ्याकडे बघत बसायच्या. कोडकरींच्या १६ इंचीचा चार्जर ९६ वॉटचा. माझ्या एअरचा ३०. तोही दिवसा लावावा लागत नाही, सकाळी भरलेला असला की कॉल आणि कोड धरून संध्याकाळपर्यंत जातो. डॉकरमध्ये एएमडी६४ चा कंटेनर सतत चालू असेल तर मात्र बॅटरी दिसत दिसत खाली येते, म्हणून मी ५.७ लागेल तेव्हाच उठवते.

आता एअर की प्रो. एअरला पंखा नाही. पाच-सात मिनिटांच्या बिल्डला काही कळत नाही, पण अर्धा तास सगळे कोअर रेटलेत तर तापून वेग कमी करतो. प्रोला पंखा आहे, एचडीएमआय आहे, स्क्रीन जास्त उजळ. तुमच्या कामात तेवढं लांब काही दिसत नाही. तीस हजार जास्त घालून १६ जीबीचा प्रो घेण्यापेक्षा २४ जीबीचा एअर घ्या. डॉकरचं व्हर्च्युअल मशीन, इंटेलिजे आणि ब्राउझर एकदम उघडे असले की १६ मध्ये स्वॅप (रॅम अपुरी पडून डिस्क वापरणं) सुरू होतो, आणि ही रॅम नंतर वाढवता येत नाही. एम४ एअर झाकण उघडं ठेवून दोन बाहेरचे मॉनिटर चालवतो, माझ्या एम२ ला एकच जमतो. म्हणजे जुनाखोड काकांच्या मॉनिटरलाही जागा आहे.

हे लिहिता लिहिता तुमचं ता. क. परत वाचलं. ट्रॅकपॅड दाबला जात नाही म्हणजे नक्की काय? आत्ता झाकण लावा, लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवा आणि कोपऱ्यावर बोट टेकवून बघा. डुलतो का?

---

कोडकरी_कोथरूड

डुलतोय. आणि झाकण लावल्यावर पुढच्या बाजूला मधोमध बारीक फट दिसतेय. मला वाटत होतं आदळला असेल कधीतरी.

---

वाशिष्ठी

बॅटरी फुगलीये. ती ट्रॅकपॅडच्या खालीच असते, खालून ढकलते, म्हणून तो दाबायला जागा उरत नाही.

आता क्रम बदला. एअरचं नंतर बघू. आजच डेटा बाहेर काढा: डंप, एन्व्ह, स्टॅश, न ढकललेल्या ब्रँचेस, सगळं एका बाहेरच्या डिस्कवर. तेवढा वेळ समोर बसून राहा, चार्जवर ठेवून जेवायला उठू नका. मग बंद करा आणि परत चालू करू नका. ट्रॅकपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करायचा नाही, यूट्यूब बघून पाठ उघडायची नाही, टोचायचं तर मुळीच नाही. गादीवर किंवा कपाटात ठेवू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोनवरच सांगा की बॅटरी फुगलीये.

---

जुनाखोड

वाशिष्ठी म्हणते ते ऐक बाबा. आमच्या ऑफिसात एकाने तस्साच वापरला, शेवटी कीबोर्डसकट वर आला. आणि वर मी जे "वसूल झाला" म्हटलं ते बरोबरच होतं.

---

कोडकरी_कोथरूड

डेटा काढला. पतसंस्थेच्या रेपोत मार्चमधला एक स्टॅश सापडला, व्याजाच्या गणिताची दुरुस्ती आहे त्यात. ती मी केली असं त्यांना सांगून झालंय, त्यामुळे आधी तेवढं ढकललं. लॅपटॉप आता बाल्कनीत शेडखाली फरशीवर आहे, आई त्याच्याकडे संशयाने बघतेय.

२४ जीबीचा एअर ठरला. तक्षक, लिनक्सचा मोह झाला होता, पण जुनी सवय आहे आणि हातात एकच आठवडा. जुन्यात बॅटरी नवी घालून विकावा का? की घातलेले पैसे वाया?

---

वाशिष्ठी

दुरुस्तीचा आकडा ऐकून ठरवा. विकलात तर दुरुस्तीनंतर आयक्लाउडमधून साइन आउट करून सेटिंगमधूनच सगळा मजकूर आणि सेटिंग्ज पुसा, नाहीतर घेणाऱ्याला ॲक्टिव्हेशन लॉक अडवेल आणि तो तुम्हाला फोन करत बसेल. परवडणार नसेल तर बॅटरीसकट ई-कचऱ्यात, भंगारवाल्याला नाही. सेंटरने काय आकडा सांगितला तो इथे टाका. माझ्या भावाचाही २०१९ चाच आहे आणि त्याचा ट्रॅकपॅड "थोडा कडक" झालाय म्हणतो.